उजवी बाही

माझ्या मामाला खरं बोलायचं असलं की ते आधी दुप्पट करून घ्यावं लागायचं. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली की "आज काय गर्दी! चार जण!" जिन्याच्या सात पायऱ्यांवरून घसरला तर उठून चौदा मोजायचा. एकदा तापानं फणफणला होता, तेव्हा डॉक्टरांना म्हणाला, "सकाळी दोनशे चार होता हो." डॉक्टर थर्मामीटर झटकता झटकता थांबले. पलीकडे कपड्याला टीप मारत बसलेली मामी मान वर न करता म्हणाली, "एकशे दोन."

मामीचं काम ते. मामानं आकडा टाकायचा, मामीनं त्याला दोनानं भागायचं. भांडण नाही, टोमणा नाही. ताटात मीठ वाढावं तसं ती बाजूला निम्मं वाढून ठेवायची. गिऱ्हाइकांनासुद्धा सवय झाली होती. मामा काही बोलला की माणूस आपोआप मामीकडे बघायचा.

मामा शिंपी. मामीही शिंपीणच, आणि हात मामीचा जास्त चांगला, हे मामा सोडून सगळ्यांना मान्य होतं. पुढे रस्त्यावर उघडणारं दुकान, मागे पडदा, पडद्यामागे दोन खोल्यांचा संसार. दुकानात एक लांब टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन स्टुलं. मामा उजव्या हातानं काम करणारा, मामी डावखुरी. त्यावरून दोघांनी एक पद्धत बसवली होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात बघितली नाही. आठवडाभर सदरे बेतून, अंग शिवून ठेवायचे आणि गुरुवारी बाह्या करून चढवायच्या. डावी बाही मामाची, उजवी मामीची. हातानं शिवायची वेळ आली की एकच सदरा टेबलावर मध्ये आडवा पडलेला आणि दोघं दोन बाजूंनी त्याला भिडलेली. ज्याचं आधी होईल त्यानं सदरा आपल्याकडे ओढायचा. मामाच्या बाजूला ओढलेला सदरा मी चारदा पाहिला असेन. म्हणजे मामाच्या हिशेबानं आठदा.

कफाच्या आतले टाके पाहिले तर दोन्ही बाह्या वेगळ्या माणसांच्या आहेत हे कळायचं. मामाचे टाके एकीकडे कललेले, मामीचे बरोबर उलटे, वाऱ्यानं गवत झुकावं तसे. सदरा अंगात घातल्यावर ते दिसायचे नाहीत. मामा मात्र म्हणायचा, "दोन्ही हात जोडल्यावर बघ. टाके एकमेकांकडे तोंड करून असतात."

गुरुवारच्या दिवसाला वीस सदरे व्हायचे. म्हणजे बाह्या चाळीस. वीस मामाच्या, वीस मामीच्या. एवढं ध्यानात ठेवा. पुढे एका अख्ख्या देशाला ते ध्यानात ठेवता आलं नाही.

तेव्हा आमच्या देशाचे जे नेते होते त्यांना पेपरवाले "राष्ट्राचे सुकाणू" म्हणायचे. मामी त्यांना नुसतंच "सुकाणू" म्हणायची. "सुकाणू रोज दिसतंय पेपरात," ती म्हणायची, "होडी कुठाय कोण जाणे." तर हे सुकाणू एकदा दौऱ्यावर आमच्या गावाला लागले. भाषणाला जाताना त्यांच्या कोटाचं मधलं बटण तुटलं. बटणाशिवाय राष्ट्रापुढे जाता येईना. बरोबरच्या अकरा माणसांनी इकडेतिकडे पाहिलं आणि समोर मामाचं दुकान! वार गुरुवार.

सुकाणू येऊन बसले ते नेमके मामीच्या स्टुलावर. मामी पडद्यामागे गेली, अकरा आणि एक अशा बारा कपांचा चहा टाकायला. घरात कप पाच. मामानं बटण लावलं. तेवढा वेळ सुकाणूंनी टेबलावरची एक बाही उचलून उलटसुलट केली. डावी होती. मामाची.

"अशा दिवसाला किती होतात?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणाला, "चाळीस, साहेब."

एवढंच. आता मला सांगा, हे खोटं होतं का? नव्हतं. चाळीसच व्हायच्या. त्या बिचाऱ्यानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दुप्पट न करता आकडा सांगितला होता. फक्त "आमच्या दोघांच्या" हे दोन शब्द गिळले. समोर एवढा मोठा माणूस, आपल्याच हातची बाही त्याच्या हातात, आणि बायको पडद्यामागे. तुम्ही असतात तरी गिळले असते.

"एकट्या माणसाच्या चाळीस," सुकाणू चिटणिसाला म्हणाले. "तो एकच गोष्ट करतो म्हणून. एका माणसानं पूर्ण सदरा शिवायचा, ही चैन आपल्याला परवडायची नाही. लिहून घ्या." चिटणिसानं लिहून घेतलं. त्याच स्टुलावर बसून, खिशातल्या पेन्सिलीनं, त्यांनी चाळीसला गावाच्या लोकसंख्येनं गुणलं, मग देशाच्या. गुणाकार करताना माणसाच्या चेहऱ्यावर एवढं सुख मी नंतर कधी पाहिलं नाही, असं मामा सांगायचा. पडद्यामागून मामीचा आवाज आला, "वीस." पण कपबश्या वाजत होत्या, आणि तो फक्त मामाला ऐकू गेला.

मंडळी गेल्यावर ती बाहेर आली. "अहो, माझ्या वीस कुठे गेल्या?"

"अगं, बोलण्याच्या ओघात..."

"ओघात बायको वाहून गेली होय?" ती म्हणाली, आणि हसत सुटली. हे तिचं वाक्य मामाला पुढे तीस वर्षं पुरलं.

दोन महिन्यांत "राष्ट्रीय सदरा अभियान" जाहीर झालं. दोन वर्षांत जगाच्या पाठीवर आपला सदरा! प्रत्येक गावानं सदऱ्याचा एकच भाग करायचा आणि प्रत्येक हातानं दिवसाला चाळीस. आमच्या गावाला डावी बाही आली, कारण सुकाणूंनी इथे तीच हातात धरली होती. उजवी बाही दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या नदीकाठच्या एका गावाला. कॉलर डोंगरावर, काजं तुरुंगात, अंग राजधानीत.

शिंप्यांनीच शिवायचं असं नव्हतं. सगळ्यांनी शिवायचं. चांभार, न्हावी, पोस्टमन, गणिताचे मास्तर. चांभारानं केलेली बाही टेबलावर उभी राहायची. न्हाव्याच्या हातात कात्री होती पण केसांना हात लावायला त्याला सवड नव्हती, त्यामुळे सहा महिन्यांत गावभर ऋषीच ऋषी. जोडे फाटले, नळ गळले, शाळेत पोरं पाढे म्हणायच्या ऐवजी दोरे ओवायची. कापड संपलं तेव्हा पडदे गेले, मग चादरी गेल्या. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, मालधक्क्यावर कारकून. फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, कुणाच्या बेडरूममधल्या मोरांच्या डाव्या बाह्यांचे गठ्ठे मी गाडीत चढवून देत होतो.

मामा पहिल्याच आठवड्यात अभियानाच्या अधिकाऱ्याकडे जाऊन आला. "साहेब, बाही अंगाला विचारून बेततात. बाही जिथे बसते तो मुंढा किती हे न बघता बाही कापली तर ती लागणार कुठे?"

"राजधानीतले मुंढे प्रमाणित आहेत," अधिकारी म्हणाला.

"आणि आपल्या बाह्या?"

"त्याही प्रमाणित आहेत."

दोन्ही प्रमाणित होते ते खरं. फक्त प्रमाणं दोन होती.

मग फर्मान निघालं की उजव्या बाहीच्या गावात शिकवायला कुशल हात कमी पडतायत. कुणीतरी चिटणिसाच्या कानावर घातलं की चाळीसवाल्या शिंप्याची बायको उजव्या बाह्या करते. मामीला सहा महिन्यांसाठी बोलावणं आलं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं एक कापड काढलं. निळं, बारीक पांढऱ्या रेघेचं, कधीपासून मामासाठी ठेवलेलं. कापड दुमडून बाही बेतली की एका कात्रीत डावी-उजवी दोन्ही निघतात, तशा तिनं काढल्या. सदऱ्याचं अंग शिवून दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर चढवलं. डावी बाही मामापुढे टाकली, उजवी घडी करून आपल्या पिशवीत ठेवली.

"डावी तुम्ही लावा. उजवी मी तिकडून करून आणते. आल्यावर चढवू."

"सहा महिने म्हणजे काय," दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मामा म्हणाला, "वर्षासारखे जातील."

"तीन," मामी ह्या वेळी दोनदा भागून म्हणाली, आणि गाडीत बसली.

अभियानाच्या माणसांना पत्रं लिहायची परवानगी नव्हती, वेळ जातो म्हणून. छापील कार्डं मिळायची. "माझी प्रकृती उत्तम आहे. आजच्या बाह्या ......" एवढाच मजकूर, मधली रिकामी जागा आपण भरायची. मामीचं पहिलं कार्ड आलं. रिकाम्या जागी लिहिलं होतं, वीस. दुसरं आलं, वीस. दर पंधरा दिवसांनी, वीस, वीस, वीस.

पहिल्या दोन कार्डांना मामा हसला. तिसऱ्याला हसला नाही. "अजून धरून बसलीय," तो मला म्हणाला. "भाचेबुवा, बायको समोर असून चिडलेली बरी. कार्डावरून चिडली की समजूत कुठे घालणार?"

त्यानं ठरवलं की खरं सांगायचं. संधीही चालून आली. मामीचे सहा महिने उलटून गेले होते आणि ती परतली नव्हती. अभियानाला वर्ष झालं तेव्हा राजधानीत सोहळा ठेवला आणि "चाळीसचा जनक" म्हणून मामाला सत्काराला बोलावलं. मी सोबत गेलो. गाडीत मामा सारखं एकच घोकत होता, "साहेब, चाळीस दोघांच्या. माझ्या वीसच. तिला परत पाठवा." चौदा वेळा म्हणाला. म्हणजे मी मोजले, चौदाच.

भलं मोठं मैदान. व्यासपीठावर सुकाणू. त्यांनी मामाच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा मामानं त्यांचा हात घट्ट धरला आणि कानाशी लागून सगळं सांगून टाकलं. मी खाली पहिल्या रांगेत होतो. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण मामाचे ओठ पाठ होते. सुकाणू हसत होते, लोकांकडे हात हलवत होते. तसेच हसत ते मामाच्या कानात काहीतरी म्हणाले, आणि त्याला हलकेच माइककडे वळवलं.

मामा माइकपुढे उभा राहिला. मग म्हणाला, "चाळीस."

मैदान दणाणलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

मामा खिडकीबाहेर बघत होता. "म्हणाले, 'मला माहीत आहे. माझे वडील शिंपीच होते. पण चाळीस आता छापून झालंय. तुम्ही म्हणा चाळीस, तुमची बायको महिन्यात घरी.'"

माणूस मूर्ख असता तर सोपं होतं. मूर्खाला समजावता येतं. ह्यांना समजलेलंच होतं.

महिन्यात मामी आली नाही. तिचं कार्ड आलं, वीस. त्यानंतरचं आलंच नाही.

त्या हिवाळ्याबद्दल मला विनोदानं लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सुगीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतली माणसं बाह्या शिवत बसली होती. उभं धान्य शेतात पडून कुजलं. जे निघालं ते राजधानीत गेलं. चांभाराचे वडील गेले, मग न्हाव्याच्या दोन्ही मुली. पावाच्या दुकानापुढे पाव नसतानाही रांग लागायची, सवयीनं. मामा रोज स्टेशनवर यायचा. उजव्या गावाकडून येणारी गाडी आधी रोज होती, मग आठवड्यातून एक, मग बंद झाली. तरी तो यायचा. मी म्हणायचो, "मामा, रूळ बघायला येतोस का?" तो म्हणायचा, "आहेत ना अजून जागेवर, तेवढंच बघतो."

वसंतात अभियान संपलं. सुकाणूंनी "प्रकृतीच्या कारणास्तव" पद सोडलं. त्यांना बंगला मिळाला, बाग मिळाली, आणि बागेत बसून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्यात एक परिच्छेद आमच्या दुकानाचा आहे. एका साध्या शिंप्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला, असं ते लिहितात. "सामान्य माणसावर विश्वास ठेवणं हा माझा दोष असेल तर तो मला मान्य आहे." वा! एवढा देखणा माफीनामा मी दुसरा वाचला नाही. त्यात माफी मागणाऱ्याचा अपराधच दुसऱ्याचा आहे.

गावानं पुस्तक वाचलं नाही, पण तेवढा परिच्छेद वाचला. तेव्हापासून मामाचं नाव पडलं, चाळीसमामा. कुणी रागानं म्हणायचं, पुढे पुढे नुसतंच म्हणू लागले. न्हावी दहा वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मग एक दिवस सदरा शिवायला टाकून गेला. मामानं पैसे घेतले नाहीत आणि दोघांनीही कारण विचारलं नाही.

मामीला शोधायला मामा दोनदा त्या नदीकाठच्या गावी जाऊन आला. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. अर्धं गाव गेलेलं, उरलेलं पांगलेलं. कागदपत्रं नव्हती, कारण कागदावर बाह्यांची नोंद व्हायची, माणसांची नाही.

मग त्याला वेगळंच सुचलं. अभियानातल्या बिनजोडीच्या बाह्या कारखान्यांत यंत्रं पुसायला चिंध्या म्हणून निघाल्या होत्या. उजव्या गावचे गठ्ठे आमच्या रेल्वेच्या कारखान्यात आले. मामा रोज दुपारी तिथे जायचा, ढिगात बसायचा आणि एकेका बाहीचा कफ उलटून टाके बघायचा. उलटे कललेले टाके दिसले की ती बाही बाजूला. बदल्यात तो कामगारांना आपल्याकडच्या चिंध्या द्यायचा. अशा बाह्या त्यानं एका पेटीत भरल्या. तीनशे अकरा. हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे.

"बघ," तो म्हणायचा, "हिच्यात टाके जरा ओढलेत. चिडली असेल तेव्हा. ही शांतपणे केलीय." त्या पेटीत तो तिचे मूड वाचत बसायचा. आणि शेवटी दर वेळी तेच यायचं. "ती मेली असेल तर माझ्यामुळे मेली, भाचेबुवा, ते मी समजून चाललोय. पण जगली असेल आणि रागानं आली नसेल, तर? एवढं एक कळायला पाहिजे. निघाली होती की नव्हती?"

निळा सदरा पुतळ्यावर तसाच होता. डावी बाही लावलेली, उजवा मुंढा उघडा. दर गुरुवारी मामा तो झटकायचा.

मी एकदा बोलून गेलो, "तूच का लावत नाहीस उजवी? कापड मिळेल तसलं."

"बाही आहे की त्याला," मामा म्हणाला. "तिच्याकडे आहे."

तीस वर्षांत माणसं भूकसुद्धा विसरतात. सुकाणू वारले, आणि गेल्या वर्षी आमच्या नगरपालिकेनं चौकात त्यांचा पुतळा बसवायचं ठरवलं. पुतळ्याला दोन्ही बाह्या होत्या, बरं का. आत्मचरित्रातला एकमेव हयात माणूस म्हणून नगराध्यक्ष मामाला बोलवायला आले.

"दोन मिनिटं बोला. काहीही बोला. फक्त 'चाळीस' तेवढं आलं पाहिजे, कार्यक्रमपत्रिकेत छापलंय."

"छापून झालं का?" मामा म्हणाला, आणि चक्क हो म्हणाला. मी चाटच पडलो.

ऐंशीच्या घरातला माणूस, चौकात गर्दी, खांबाखांबावर लाउडस्पीकर. मामानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी शिंपी," तो म्हणाला. "माझ्या दिवसाला बाह्या व्हायच्या वीस. उरलेल्या वीस माझ्या बायकोच्या. हे मला दोनदा सांगायचं होतं, दोन्ही वेळा राहिलं." नगराध्यक्षांनी टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. "ती उजव्या बाहीच्या गावाला शिकवायला गेली होती. डावखुरी आहे. बोलते कमी. मी काही बोललो की ती निम्मं करते. तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का तिला?"

मागे एक पोर खुदकन हसलं, त्याला आईनं दाबलं. मामा थोडा वेळ लोकांच्या तोंडांकडे बघत राहिला, मग "बरं" म्हणून खाली उतरला. लोकांनी पुतळ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. लाउडस्पीकरवाला आपल्या आईचा हात धरून आला. तो दोन वर्षांपूर्वीच आमच्या गावात राहायला आला होता. आई सत्तरीची, काटकुळी. काल घरी बसून तिनं लाउडस्पीकरवरून ऐकलं होतं.

"तुम्हीच का ते?" ती मामाला म्हणाली. "चाळीसवाले?"

"वीसवाला," मामा म्हणाला.

"आम्हाला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या तुमच्याबद्दल. म्हणायच्या, 'तुमच्या मानेवर हे चाळीस बसलेत ते माझ्या नवऱ्याच्या कृपेनं. बढाईखोर मेला! पण बाही चढवतो अशी की वळी शोधून सापडायची नाही.'"

मामा स्टुलावर बसला. मग उठला. मग पेटी ओढून आणली आणि उघडली. "तिच्या आहेत. सगळ्या. टाके बघा."

आजींनी एक कफ उलटला, दुसरा उलटला, दहा-बारा बघितल्या आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

"अहो, ही माझी. ही बहुतेक आमच्या पोस्टमास्तरांची. ही कुणाची कोण जाणे, पण बाईंची नाही. आम्ही दोनशे जण शिकलो त्यांच्या हाताखाली. कुणीच आधी सुई धरलेली नाही. बाई डाव्या हातानं दाखवायच्या, आम्हाला वाटलं सुई डाव्याच हातात धरायची असते. अख्खं गाव डावखुरं झालं! बाईंच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. म्हणाल्या, राहू द्या, आमच्याकडे एक उजवा आहे, तेवढा पुरे."

"मग तिच्या कुठल्या?" मामानं विचारलं. तीनशे अकरा बाह्या पेटीत उघड्या पडल्या होत्या.

"शिकवणाऱ्याच्या हातून होतात कुठे? आमच्याच उसवून पुन्हा घालायला लावायच्या."

मी कार्डांचं विचारलं. "त्या नेहमी वीसच लिहायच्या. रागानं का?"

"रागानं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "वीस लिहिलं की रेशन निम्मं कापायचे. चाळीस लिहा, पूर्ण घ्या, असा हिशेब होता. आम्ही सगळे चाळीस लिहायचो. बाई वीसच. मी म्हटलं, बाई, लिहा की, कोण बघतंय? तर म्हणाल्या, 'तिकडे एक माणूस बघतोय. चाळीस आलं तर त्याला वाटेल मी गेले, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.' मग पुढे कार्डंच संपली छापखान्यात."

लाउडस्पीकरवाला दारातल्या उंबऱ्याकडे बघत उभा होता.

"आणि मग?" मामानं विचारलं. आवाज असा की जणू दोरा सुईत जात नाहीये.

"अभियान संपल्याचं कळलं त्या दिवशीच निघाल्या. गाड्या बंद होत्या. आम्ही म्हटलं, थांबा, अंगात ताकद नाही, बर्फ वितळू द्या. ऐकेनात. रुळांच्या कडेनं चालत गेलं की घर येतं म्हणाल्या. पिशवीत एक बाही होती त्यांच्या. निळी. कधीची शिवून ठेवलेली, उगीच काढून बघायच्या. एवढंच माहीत मला. निघालेल्या पाहिल्या. वळणापर्यंत."

"निघाली होती," मामा म्हणाला.

"निघाल्या होत्या."

"पायी?"

"पायीच."

मामानं पुतळ्यावरच्या निळ्या सदऱ्याचा उघडा मुंढा हातानं सारखा केला, मुलाची कॉलर नीट करावी तसा. बराच वेळ करत राहिला. आजींनी हळूच विचारलं, "त्याची उजवी मी करून देऊ का? त्यांच्यासारखीच होईल."

"नको," मामा म्हणाला. "ती तिच्याबरोबर निघालीय." मग टेबलावरचा दुसराच एक सदरा त्यानं पुढे ओढला. न्हाव्याच्या नातवाचा. "हा आहे. बसा."

आजी मामीच्या स्टुलावर बसल्या. तीस वर्षांत त्यावर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. सदरा मध्ये आडवा पडला. डाव्या हातानं त्यांनी सुई धरली, आणि दोघं दोन बाजूंनी सदऱ्याला भिडली. मामाचं लक्ष आपल्या बाहीकडे नव्हतंच. समोरचे टाके उलट्या बाजूला झुकत चालले होते आणि तो ते बघत होता. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास होत आला. आजींनी कफ संपवून दोरा दातानं तोडला आणि सदरा आपल्याकडे ओढला.

"चांगली झाली," मामा म्हणाला. त्यानं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा चढवला. "छान झाली. पण तिची गोष्टच वेगळी. ती बसली ना इथे, तर दिवसाला एकटीच्या चाळीस."

आजींनी पुढची बाही घेतली आणि मान वर न करता म्हणाल्या, "वीस."